ओळख आणि संमति



पैसा एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो तेव्हां दोन प्रश्न उपस्थित होतात. ज्याच्या नांवानें पैसा जात आहे तो मनुष्य खरोखर तोच आहे काय, हा पहिला. आणि जें चाललें आहे तें त्याला समजलें असून मान्य आहे काय, हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरास ओळख म्हणावयाचें व दुसऱ्याच्या उत्तरास संमति. गांवच्या बाजारांत देणारा व घेणारा समोरासमोर उभे असतात. तेथें हीं दोन्ही उत्तरें डोळ्यांनीं व कानांनींच मिळतात. परंतु आज जळगांवच्या सराफ बाजारांतील पेढीपासून तों धुळ्याच्या बाजारांत भाजी विकणाऱ्या बाईपर्यंत सर्वांजवळ काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक कागद लावलेला दिसतो. गिऱ्हाईक त्यावर मोबाइल धरतें, आणि पैसा कोणाच्याही दृष्टीस न पडतां एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत जातो. अशा व्यवहारांत ओळख कशी पटवावयाची व संमति कशी जाणावयाची, याचा विचार प्रस्तुत पाठांत करावयाचा आहे.

हा विषय वडील माणसांचा आहे असें समजून पान उलटूं नका. आपल्याकडे पुष्कळ घरीं मोबाइल आईबापांचा असतो, परंतु त्यावरील मजकूर वाचणारा व बटन दाबणारा तुमच्यापैकींच कोणी तरी असतो. सबब हा पाठ प्रथम तुमच्यासाठींच आहे.

(१) पूर्वींची रीत

ओळख पटविण्याची अडचण आजची नव्हे. मराठेशाहींतील कागदपत्रांवर पाटील आपल्या नांवापुढें नांगराची आकृति काढीत असे. इतर धंदेवाले आपापल्या धंद्याचें हत्यार काढीत. यास निशाणी म्हणत. पुढें निरक्षरांच्या बाबतींत या आकृतीची जागा आंगठ्याच्या ठशानें घेतली, परंतु "निशाणी" हा शब्द कायम राहिला.

व्यापारी लोकांत दूरदेशीं पैसा पाठविण्याचें साधन म्हणजे हुंडी. दर्शनी हुंडी दाखवितांच पटवावयाची, मुदती हुंडी मुदत भरल्यावर. त्यांतील शहाजोग हुंडीचा नियम मोठा मार्मिक होता. तिचा पैसा वाटेल त्यास न देतां बाजारांत पत असलेल्या शहासच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यासच, द्यावयाचा. आणि ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाल्यास तो शहा जबाबदार असे. अनोळखी मनुष्य व पैसा यांच्यामध्यें एक ओळखीचा आणि जबाबदार मनुष्य उभा करावयाचा, हें त्या नियमाचें मर्म होय. आजची बँक आपल्या ग्राहकाची ओळख पटवून घेते तेव्हां ती त्या शहाचेंच काम करीत असते.

संमतीचा धडा मात्र महाराष्ट्रानें फार दुःखानें शिकला. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. कर्जरोखे हस्तगत करून ते जाळून टाकणें हा त्यांचा मुख्य हेतु होता. त्या रोख्यांवरील निशाणी बहुधा खरीच असे; परंतु निशाणीच्या वरच्या बाजूस काय लिहिलें आहे हें अनेक कुणब्यांस ठाऊक नसे. ओळख होती, संमति नव्हती. या दंग्यांनंतर १८७९ सालीं डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट या नांवाचा कायदा झाला व तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावा, रजिस्ट्रारानें करून देणाराची ओळख पटवून घ्यावी व मजकूर वाचून दाखवावा, अशी तजवीज त्यांत होती. म्हणजे नुसती निशाणी पुरेशी नाहीं, समज हवी, हें तत्त्व तेव्हांच मान्य झालें होतें.

(२) टेंभलीचा क्रमांक

आजच्या ओळखपद्धतीचा आरंभ आपल्याच खानदेशांत झाला, ही गोष्ट तुमच्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यांत आले. तेच पुढें जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. त्या नंदुरबार जिल्ह्यांतील शहादे तालुक्यांत टेंभली नांवाचें एक लहानसें आदिवासी वस्तीचें गांव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजीं तेव्हांचे पंतप्रधान डॉ. मनमोहनसिंग यांच्या उपस्थितींत देशांतील पहिले आधार क्रमांक या गांवीं देण्यांत आले. पहिला क्रमांक मिळाला तो गांवांतील एका आदिवासी स्त्रीस.

आधार क्रमांक बारा अंकी असतो. तो देतांना नांव, जन्मतारीख, लिंग व पत्ता यांची नोंद होते आणि दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांतील बुबुळांच्या आकृति व चेहऱ्याचें छायाचित्र घेतलें जातें. हा क्रमांक मनुष्याची ओळख सांगतो. तो नागरिकत्वाचें प्रमाणपत्र नव्हे, आणि त्याच्या धन्याच्या मनांत काय आहे हेंही तो सांगूं शकत नाहीं. निरक्षर स्त्रीचें बोट यंत्रावर टेकलें कीं ती कोण हें कळेल; परंतु ती कशासाठीं बोट टेकीत आहे हें तिला कळलें आहे काय, हा १८७५ सालचाच प्रश्न होय. यंत्र बदललें, प्रश्न बदलला नाहीं.

(३) बँक इतकें कां विचारते?

पुष्कळ पालकांस असें वाटतें कीं बँकेनें वरचेवर कागद मागणें हा केवळ जाच आहे. त्याचें कारण समजून घेतलें पाहिजे. चोरीचा, लांचेचा किंवा फसवणुकीचा पैसा लपविण्यास सर्वांत सोयीची जागा म्हणजे खोट्या नांवाचें खातें. म्हणून रिझर्व्ह बँकेनें २००२ सालीं सर्व बँकांस "आपल्या ग्राहकास ओळखा" अशी सूचना केली. हिच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून केवायसी हा शब्द रूढ झाला आहे. त्याच सालीं संमत झालेला काळ्या पैशाच्या शुद्धीकरणास प्रतिबंध करणारा कायदा १ जुलै २००५ पासून अंमलांत आला, आणि ओळख पटविणें हें बँकांचें कायदेशीर कर्तव्य झालें.

ओळखीसाठीं पुढील कागद ग्राह्य मानतात: पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र, आधार असल्याचा पुरावा, राज्य शासनाच्या अधिकाऱ्याची सही असलेलें रोजगार हमीचें कार्ड, आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचें नांव-पत्त्याचें पत्र. यांशिवाय प्राप्तिकर खात्याचा पॅन क्रमांक, किंवा तो नसल्यास त्याऐवजीं ठरविलेला फॉर्म, द्यावा लागतो. यादींत आधार हा एकच कागद नाहीं, हें ध्यानांत असूं द्यावें. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें बँकखात्यास आधार जोडण्याची सक्ति रद्द केली. पुढें २०१९ च्या दुरुस्तीनें ग्राहकानें स्वखुषीनें आधार दिल्यास बँकेस तें वापरण्याची मुभा मिळाली. शासनाकडून अनुदान घ्यावयाचें असेल तर मात्र आधारची आवश्यकता निराळी आहे.

ओळख पटविण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, शाखेंत जाऊन मूळ कागद दाखविणें. दुसरा, आधारद्वारा, यांत बोटाचा ठसा किंवा मोबाइलवर येणारा अल्पकालीन गुप्त अंक, ज्यास ओटीपी म्हणतात, वापरतात. तिसरा मार्ग २०२० सालीं खुला झाला. त्यांत बँकेचा अधिकारी चलच्चित्राद्वारें ग्राहकाशीं प्रत्यक्ष बोलतो. आधीं ध्वनिमुद्रित केलेल्या उत्तरांनीं कोणीं फसवूं नये म्हणून प्रश्नांचा क्रम बदलीत राहावें, ग्राहक भारतांतच आहे याची खात्री करावी, व त्याची संमति नोंदवून ठेवावी, असे त्याचे नियम आहेत.

आतां मोबाइलवरून होणाऱ्या यूपीआय व्यवहाराकडे पाहूं. ही पद्धति नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें ११ एप्रिल २०१६ रोजीं सुरू केली. खातें जोडतांना मोबाइल आपण होऊन एक संदेश पाठवितो. बँकेच्या वहींत नोंदलेला क्रमांक याच मोबाइलमध्यें आहे किंवा नाहीं हें त्यावरून ताडून पाहतात. त्यानंतर ग्राहक आपला पिन ठरवितो. येथें ओळखीचें काम मोबाइल करतो आणि संमतीचें काम पिन करतो. पिन टाकणें म्हणजे सही करणें होय. पूर्वीं कोऱ्या कागदावर सही करणारास आपण अविचारी म्हणत असूं. रक्कम व नांव न वाचतां पिन टाकणारा त्याहून निराळा नाहीं.

(४) जेथें गाडी अडते

ज्यांच्या मनांत कांहींच कपट नाहीं अशा लोकांचीही ओळख कधीं कधीं पटत नाहीं. याचीं चार कारणें नेहमीं आढळतात.

पहिलें कारण नांवाचें. एका कागदावर वडिलांचें नांव, दुसऱ्यावर पतीचें; एकावर माहेरचें आडनांव, दुसऱ्यावर सासरचें; इंग्रजींत लिहितांना एक अक्षर कमी-अधिक. माणसास हें सहज कळतें, यंत्रास कळत नाहीं. दुसरें कारण जन्मतारखेचें. जुन्या पिढींतील कितीएकांची जन्मनोंद झालेली नसे. शाळेंत घालतांना गुरुजींनीं वहींत १ जून लिहिलें, आणि पुढें इतर कागदांवर निराळी तारीख पडली. तिसरें कारण श्रमाचें. शेतांत, वीटभट्टीवर किंवा घरकामांत आयुष्य झिजविलेल्या माणसाच्या बोटांवरील रेषाही झिजतात व यंत्र ठसा ओळखीत नाहीं. अशा वेळीं बुबुळ, चेहरा किंवा ओटीपी हे दुसरे मार्ग आहेत. ते मागण्यास संकोच करूं नये. चौथें कारण मोबाइलचें. क्रमांक बंद पडलेला असतो किंवा परगांवीं राहणाऱ्या मुलाचा दिलेला असतो. मग ओटीपी एकीकडे जातो आणि मनुष्य दुसरीकडे बसतो. २०२४ सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेंत सप्टेंबर २०२५ मध्यें आधारद्वारा ओळख पडताळणी आवश्यक ठरविण्यांत आली, तेव्हां अशा अडचणींचा अनुभव पुष्कळ घरांस आला.

या चारही दोषांस उपाय एकच: गरज पडण्यापूर्वीं कागद ताडून पाहावे, आणि तफावत असल्यास आधार केंद्रांत किंवा बँकेंत जाऊन ती स्वस्थपणें दुरुस्त करून घ्यावी. घाईच्या वेळीं मनुष्य कोणाच्याही हातीं आपला मोबाइल देतो.

(५) संमति म्हणजे काय?

"मला मान्य आहे" अशी ओळ व तिच्यापुढें एक लहान चौकट तुम्हीं पाहिली असेल. तींत खूण करणें ही संमति आहे काय? कायद्याचें उत्तर विचार करण्याजोगें आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ सालीं व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले असून तो टप्प्याटप्प्यानें अंमलांत येण्याची योजना आहे. या कायद्याप्रमाणें संमति मोकळेपणानें दिलेली, विशिष्ट कामापुरती, माहिती घेऊन दिलेली, विनाअट व निःसंदिग्ध असली पाहिजे. ती देणें जितकें सोपें तितकेंच परत घेणेंही सोपें असलें पाहिजे. माहिती मागणाराची सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील भाषेंत वाचण्याची सोय असावी. मराठी ही त्यांपैकीं एक आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यास पालकाची पडताळून पाहतां येईल अशी संमति हवी.

परंतु कायदा दारापर्यंत येतो, घरांत शिरत नाहीं. अहिराणी आठव्या परिशिष्टांत नाहीं. भिली, पावरीही नाहींत. आपल्या आजीला पुस्तकी मराठी कळेलच असें नाहीं. तिच्या खात्यावरील सूचना वाचून तिचा अर्थ तिच्या बोलींत सांगणारें जवळचें माणूस म्हणजे तिचें शाळेंत जाणारें नातवंड. येथें तुमची खरी परीक्षा आहे. "आजी, कांहीं नाहीं, नुसतें बटन दाबायचें आहे," असें म्हणून तिचें बोट धरणें सोपें आहे. परंतु तसें करणें म्हणजे जुन्या काळच्या रोखा लिहिणाराचेंच काम करणें होय. निरक्षर मनुष्य म्हणजे निर्बुद्ध मनुष्य नव्हे. जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें, तरी त्यांच्या शहाणपणापुढें शिकलेले लोक नम्र होतात. ज्याला वाचतां येत नाहीं त्याला सांगितलेलें कळतें. मात्र सांगणारा प्रामाणिक पाहिजे.

(६) सोंगे लोक

जेथें पहारा असतो तेथें पहारेकऱ्याचें सोंग घेणारेही येतात. "आपली केवायसी संपली आहे, आजच पूर्ण न केल्यास खातें बंद होईल," असा संदेश पाठवून लोकांस लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले कीं रिझर्व्ह बँकेस २०२१ सालीं व पुन्हा २०२४ सालीं जनतेस सावध करावें लागलें.

हा संदेश खोटा हें कसें ओळखावें? तर्कानें पाहा. ओळखीची फेरतपासणी जोखमीप्रमाणें दोन, आठ किंवा दहा वर्षांनीं करावयाची असते. सर्वसामान्य खातेदार बहुधा दहा वर्षांच्या वर्गांत येतो. जून २०२५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें असें ठरविलें कीं मुदतीपूर्वीं ग्राहकास निदान तीन सूचना द्याव्या व त्यांपैकीं निदान एक टपालाच्या पत्रानें असावी. मग एका संध्याकाळीं एकाच संदेशानें "आजच" असें म्हणणारी बँक कशी असूं शकेल? शिवाय पत्ता, नांव इत्यादि कांहींच बदललें नसेल तर ग्राहकाचें साधें निवेदनही पुरतें. तात्पर्य, घाई ही खोट्याची निशाणी होय.

आणखी दोन गोष्टी पाठ करून ठेवा. पैसा देण्यास पिन लागतो, घेण्यास लागत नाहीं. आणि ओटीपी कोणासही, बँकेचा साहेब म्हणविणारासही, तोंडानें सांगावयाचा नसतो. कारण ती आपली सही आहे, आणि सही दुसऱ्यास उसनी देतां येत नाहीं.

याच संबंधांत थोरल्या विद्यार्थ्यांस एक कळकळीची सूचना करणें अवश्य आहे. "तुझें खातें आम्हांस वापरूं दे, महिन्यास कांहीं रुपये देऊं," असें सांगणारे लोक तरुणांस गांठतात. फसवणुकीचा पैसा अशा उसन्या खात्यांतून फिरविला जातो. येथें ओळख खरी असते, तिचा धनी मात्र ती विकून बसतो. पोलीस येतात ते ज्याच्या नांवाचें खातें त्याच्याच दारीं. चार पैशांच्या लोभानें घराण्याचें नांव गहाण टाकूं नये. फसवणूक झाल्याचें कळतांच १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावें व लगेच बँकेसही कळवावें. जितका विलंब तितका पैसा दूर जातो. लाजेनें गप्प बसणें हें चोरास साह्य करणेंच होय.

(७) विद्यार्थ्यांचें कर्तव्य

एप्रिल २०२५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलांस, बँकेनें ठरविलेल्या मर्यादेंत, स्वतः बचत खातें उघडून चालविण्याची परवानगी देण्यास बँकांस मोकळीक दिली. अठरा वर्षें पूर्ण झाल्यावर नवी सही व नव्या सूचना द्याव्या लागतात. शिवाय ऑगस्ट २०२४ पासून यूपीआयमध्यें खातेदारानें आपल्या विश्वासांतील माणसास मर्यादित रकमेपुरती खर्चाची मुभा देण्याचीही सोय झाली आहे. म्हणजे वडिलांचा पिन चोरून पाहण्याची कोणास गरज नाहीं. सरळ मार्ग मोकळा आहे. पालकांनींही मुलांस "हा घे पिन" असें म्हणण्याऐवजीं हा मार्ग दाखवावा. ज्या घरांत पिन सर्वांस ठाऊक असतो त्या घरांत संमति कोणाचीच उरत नाहीं.

बाळगोपाळहो, विद्येचा पहिला उपयोग आपल्या घरच्या माणसांस व्हावा. तुमच्या आईनें शेतांत राबून मिळविलेला रुपया आतां तुमच्या बोटाच्या टोकावर येऊन थांबतो. तेथें क्षणभर थांबणें, वाचणें, सांगणें, आणि "करूं कां?" असें विचारून मगच पुढें जाणें, एवढें जो करील त्यानें हा पाठ खरोखर शिकला असें समजावें.

घरीं करावयाचा अभ्यास

१. घरांतील प्रत्येक वडील माणसाचें नांव व जन्मतारीख पासबुक, आधार व पॅन यांवर एकच आहे काय, तें त्यांच्या परवानगीनें ताडून पाहा. क्रमांक वहींत उतरून घेऊं नका.

२. आईवडिलांच्या बँकेंत व आधारमध्यें नोंदलेला मोबाइल चालू आहे काय व तो कोणाजवळ आहे, तें विचारा.

३. मोबाइलवरील संमतीची एखादी सूचना निवडून ती घरच्या बोलींत पांच वाक्यांत सांगा. ऐकणारानें ती आपल्या शब्दांत परत सांगितली तरच उत्तर बरोबर समजावें.

४. शहाजोग हुंडींतील शहा व आजची बँक यांत साम्य कोणतें व भेद कोणता, यावर दहा ओळी लिहा.